तुझं तू बघ

न्यायमूर्ती सुहास हुपरीकरांना कुणाचीही भीड वाटत नाही, असं सरकारी यंत्राने जाहीर केलं आणि त्याच सकाळी त्यांच्या घरात भांडण झालं.

भांडण त्यांच्या पत्नीने, नेत्राने, काढलं. तिने फोनवर आलेला अहवाल चष्मा कपाळावर चढवून वाचला, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचला. त्यात नावं होती आणि प्रत्येक नावापुढे आकडा. कायदामंत्री, शून्य. राज्याचे महाधिवक्ता, शून्य. साखर कारखान्याचे चेअरमन, शून्य. लॉ कॉलेजचे प्राचार्य, ज्यांना पाहून अख्खी बॅच भिंतीला पाठ लावून उभी राहायची, तेही शून्य. आणि त्यांच्या खालोखाल, पत्नी.

"शून्य," नेत्रा म्हणाली. "म्हणजे माझी तुला इतकीसुद्धा भीड नाही."

"अगं, नवराबायकोत कसली भीड?"

"त्या कारखान्याच्या चेअरमनच्या ओळीत बसवलंय मला. निदान दशांश चिन्हापुढे काहीतरी यायला हवं होतं, सुहास. इतक्या वर्षांचा संसार आहे."

सुहासरावांनी चहात बिस्किट बुडवलं. ते अर्ध्यात तुटून तळाला गेलं. यंत्राचं आणि नेत्राचं दोघांचंही बरोबर असू शकतं, हे न्यायाधीश म्हणून त्यांना कळत होतं. नवरा म्हणून बोलायची सोय नव्हती.

अहवालाच्या शेवटी एक ओळ मोकळी ठेवली होती. मोठी बहीण, रत्नप्रभा. पुढे आकडा नव्हता. "ध्वनिमुद्रणात यांत्रिक गोंगाट. समक्ष चाचणी आवश्यक," एवढंच लिहिलं होतं.

आता हे भीडेचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टात न्यायाधीश नेमायचे कुणी, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालला. जुने न्यायाधीश दार लावून बसायचे आणि नवे निवडायचे. सरकार त्यांची यादी हातात घेऊन बसायचं. बाहेरचे म्हणायचे, आत पुतणे निवडतायत. आतले म्हणायचे, बाहेरचे जावई घुसवतायत. शेवटी दोन्ही बाजू इतक्या दमल्या की कुणीतरी म्हणालं, माणसावर माणसाचा विश्वास नाही ना, मग यंत्राला विचारू. आणि यंत्र नेमकं त्याच सुमारास मिरजेत तयार होतं.

ते बनवलं होतं डॉ. हेमांगी वाळिंबे यांनी. बाई घशाच्या डॉक्टर. मिरजेत गाणारे पुष्कळ, म्हणून बिघडलेले गळेही पुष्कळ. एक गायक त्यांच्याकडे तक्रार घेऊन आला की मैफिलीत गळा उत्तम चालतो, पण गुरुजी समोर बसले की षड्ज किंचित चढतो. बाईंनी गळ्याला पट्टा लावून पाहिलं आणि त्यांना एक मजेदार गोष्ट सापडली. आवाजाच्या पेटीला मेंदूतून येणारी जी नस आहे, ती फार लांबचा वळसा घेऊन येते, पार छातीत उतरून पुन्हा वर. काळजाच्या ठोक्याला आवरणारी मोठी नस आहे ना, तिचीच ही फांदी. ज्याला आपण 'नाही' म्हणू शकत नाही असं माणूस समोर आलं की मेंदू आपलं वाक्य सुरू व्हायच्या आधीच माफीची तयारी करतो. तिथले दोन बारीक स्नायू डोळ्याची पापणी लवायच्या आत आवळतात. आवाज केसाएवढा वर जातो आणि कापतो. कानाला कळत नाही, पट्ट्याला कळतं.

भीती वाटली तर आवाज वेगळा कापतो, प्रेम वाटलं तर वेगळा, लोभाने तर उलट खाली उतरतो. हा कंप या सगळ्यांहून निराळा. बाईंनी पुष्कळ भाषांत त्याला शब्द शोधला आणि शेवटी घरचाच वापरला. भीड. खोटं बोलणं सरावाने जमतं, भीड लपवणं कुणालाच जमत नाही, असं त्यांनी सिद्ध केलं.

बस्स, कायदा झाला. नेमणूक आयोग स्थापन झाला. ज्याची भीड सगळ्यांत कमी, तो वरच्या कोर्टात. पूर्वी वर्तमानपत्रं आपल्या नावाखाली 'निर्भीड' असं छापून घ्यायची, आता ते माणसावर छापायची सोय झाली. पहिल्या वर्षी हाहाकार उडाला. एक नामांकित कायदेपंडित मंत्र्यासमोर, उद्योगपतीसमोर, खुद्द महंतासमोर दगडासारखे बसून राहिले आणि आपल्या शिंप्याचा आवाज ऐकताच काटा टोकाला गेला. दुसऱ्या एकांची भीड निघाली पाळलेल्या पोपटाशी. तो पोपट त्यांच्या दिवंगत सासूच्या आवाजात बोलायचा. दोघेही गळले.

आणि या चाळणीतून कोल्हापूरचे सुहास हुपरीकर जवळजवळ सबंध खाली आले होते. अडकली होती ती फक्त अक्का.

अक्काचं मिरचीचं कांडप होतं, मंगळवार पेठेत. तिने धाकट्या भावाला आई गेल्यावर वाढवला तो त्या कांडपाच्या खडखडाटात. त्यामुळे ती फोनवर बोलली की मागे मशीन, समोर मशीन आणि मध्ये मिरचीच्या खकाण्याने बसलेला तिचा घोगरा आवाज. आयोगाच्या यंत्राला यात माणूस कुठला आणि मशीन कुठलं हे निवडता आलं नव्हतं.

समक्ष चाचणी मिरजेत झाली. सुहासरावांनी गळ्याला पट्टा लावून घेतला. समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ आडवी पडली, झोपल्यासारखी. अक्का जरीकाठाचं लुगडं नेसून आली होती. खुर्चीत बसता बसता तिने खोलीवर नजर टाकली आणि म्हणाली, "सुहास, किती वाळलायस रं."

"नाही अक्का, आहे तेवढाच..." एवढंच ते म्हणाले.

रेघ उठली. उठली ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन लागली. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना वाटलं वायर निसटली. त्यांनी वायर दाबून पाहिली, रेघ तशीच.

अक्काला बाहेर चहाला नेल्यावर डॉक्टर वाळिंबे खुर्ची ओढून जवळ बसल्या. "साहेब, एक विचारू? यांनी कधी तुमच्याकडे एखाद्या खटल्यात शब्द टाकलाय?"

"कधीच नाही. माझ्या कोर्टात काय चालतं हेही तिने विचारलेलं नाही."

"मग एवढं कशामुळे?"

सुहासरावांनी पट्टा सोडवत विचार केला. मग कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. "निकाल लिहिताना मी तो मनातल्या मनात अक्काला वाचून दाखवतो. कायदा तिला कळत नाही. पण शेवटच्या ओळीला ती मान हलवते की पदराने नाक पुसते, एवढं मी बघतो. नाक पुसलं की निकाल पुन्हा लिहितो."

डॉक्टरांनी पट्टा हातात घेतला. "पट्ट्याला तेच दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण पट्टा शिंपी, पोपट आणि अक्का यांत फरक करत नाही. मी केला असता. कायदा माझ्या हातात नाही, साहेब. मी यंत्र बनवलं, कायदा त्यांनी बनवला."

कायद्यात दोन वाटा होत्या. माघार घ्यायची, नाहीतर चेपणी करून घ्यायची. सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं, पण मिरजेतले लोक तिला चेपणीच म्हणत. माणसाची भीड चेपते म्हणतो ना आपण, तेच. फक्त हे ठरवून, खुर्चीत बसवून.

"कांडपात नवं गिऱ्हाईक शिरलं की शिंकतं," डॉक्टरांनी समजावलं. "तुमच्या अक्का शिंकत नाहीत. खकाणा तोच आहे, पण त्यांच्या मेंदूने ठरवलंय की यात नवीन काही नाही. आम्ही तेच करतो. त्यांचा आवाज ऐकवायचा आणि नेमक्या त्या क्षणी कानामागच्या नसेला हलका विजेचा इशारा द्यायचा, की यात काही विशेष नाही. पुन्हा पुन्हा. मेंदू शिकतो."

"आणि परत? म्हणजे नंतर परत आणता येते?"

"शिंक परत आणता येईल का, साहेब?"

सुहासरावांनी परतीच्या वाटेतच ठरवून टाकलं. माघार. कोल्हापूरचं कोर्ट काय वाईट आहे? फक्त आधीच एसटीने परतलेल्या अक्काला सांगायचं राहिलं होतं, आणि ती हसून म्हणेल की बरं झालं, दिल्लीत कसली आलीय भाकरी, अशी त्यांना खात्री होती.

कांडपात हंगाम जोरात होता. दारात ब्याडगी मिरचीचे ढीग, आत दोन मशिनं एकदम धडधडत. रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून शिंकत होत्या. हायकोर्टाचे न्यायमूर्तीही उंबऱ्यात शिंकले, तसं अक्काने न बघताच ओळखलं.

"आलास व्हय. नेत्राचा फोन आलता. पेढे कुठायत?"

"पेढे नाहीत. एक अट आहे त्यात." त्यांनी मशीनच्या आवाजावर ओरडून अट सांगितली.

"म्हंजे ऑपरेशन करणार?"

"नाही. तुझा आवाज ऐकवणार. परत परत."

"एवढंच? मग आजवर काय ऐकलास तू?"

"अक्का, त्यानंतर मला तुझं काही वाटणार नाही."

"काही म्हंजे?"

हे कसं सांगायचं ते सुहासरावांना कळेना. एरवी वकिलांना भर कोर्टात शब्द पुरवणारा माणूस. "मी नको म्हणणार आहे त्यांना," ते म्हणाले.

अक्काने मशीन बंद केलं. मग दुसरंही बंद केलं. हंगामात अक्का मशीन दोनच कारणांनी बंद करायची, वीज गेली तर आणि कुणाला सरळ करायचं असलं तर. रांगेतल्या बायकांच्या शिंका एकदम ऐकू यायला लागल्या.

"माझ्यामुळं नको म्हणणार," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही गं..."

"मग कुणामुळं? हितं गल्लीत लोकांनी फलक रंगवायला टाकलाय. उद्या म्हणतील, पोरगं देशाच्या कोर्टात निघालं हुतं, रत्नीनं पाय धरून वढलं." तिने हातावरची मिरची झटकली. "म्हण नको. मी अडाणी बाई, मी काय तुला सांगणार. तुझं तू बघ."

आता हे 'तुझं तू बघ' म्हणजे काय चीज होती, ते हुपरीकरांच्या घरातल्या माणसालाच कळलं असतं. अक्काने आयुष्यात भावाला कधी हुकूम सोडला नाही. दहावीनंतर त्याला गॅरेजमध्ये जायचं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, तुझं तू बघ. चांगली चाललेली वकिली सोडून न्यायाधीश व्हावं की नाही यावर तो महिनाभर घोळत होता, तेव्हाही तेच. दर वेळी सुहासरावांनी आपलं आपण नीट बघितलं होतं, आणि दर वेळी त्यांना नेमकं तेच दिसलं होतं जे अक्काला दिसत होतं.

या वेळीही तेच दिसलं. त्यांनी आयोगाला होकार कळवला. बहिणीची भीड मोडता येईना म्हणून बहिणीची भीड काढून टाकायला कबूल झालेला माणूस जगात हा एकच असेल. पण त्यात बेकायदेशीर काही नव्हतं, आणि त्यावर हसायला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं.

अक्काने आवाज भरून द्यायला अख्खा दिवस काढला. खूश होती. मिरजेच्या बाईंनी तिला सांगितलं, घरात बोलता तसंच बोला. ती बोलली. ऊठ, सात वाजले. दूध पिऊन जा. तोंड का पाडलंस. जेवलास का. किती वाळलायस. तुझं तू बघ. मध्येच तिने तंत्रज्ञ बाईंना लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाणही सांगून टाकलं, तेही मुद्रित झालं.

मग आठवड्यातून ठरल्या दिवशी सुहासराव मिरजेला जाऊ लागले. खुर्ची आरामशीर होती. कानात अक्का म्हणायची, दूध पिऊन जा, आणि कानामागे मुंगी चालल्यासारखं व्हायचं. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले. रेघ वर गेली, खाली आली, वर गेली. त्यानंतरच्या खेपांना ती वर जायची, पण कडेपर्यंत पोचायची नाही. एकदा तर अक्का म्हणाली, तोंड का पाडलंस, आणि त्यांना तिच्या मागे अस्पष्ट ऐकू येणारा पंखा जास्त लक्षात राहिला.

चेपणी अर्ध्यावर आली असताना त्यांच्यापुढे एक साधा खटला आला. एका गावातल्या दोन घराण्यांचा, स्मशानाकडे जाणाऱ्या पायवाटेचा. वाट ज्याच्या रानातून जात होती त्याच्या बाजूने कागद पक्के होते. सुहासरावांनी निकाल लिहिला, चहा यायच्या आत लिहून संपवला आणि सही केली. कायद्याने निर्दोष निकाल. वरच्या कोर्टातही कुणी त्याला बोट लावलं नसतं. गाडीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण तो कुणाला वाचून दाखवला नाही. राहून गेलं, असंही नाही. त्या जागी कुणी बसलंच नव्हतं.

ते इतके घाबरले की त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली.

"अक्का, हे बंद करू का? मिरजेचं."

पलीकडे मशीन धडधडत होतं. "काय झालं? दुखतंय काय?"

"दुखत नाही. तेच तर आहे."

"दुखत न्हाई तर मग अर्ध्यात कशाला सोडतोस? फलक लागलाय हितं. तुझा फोटो मोठा, आमदाराचा बारका." मागे कुणीतरी शिंकलं. "तुझं तू बघ, बाबा."

अर्धी भीड उरली होती. तिचा शब्द मानायला अर्धी पुरली.

पुढचं वेगाने झालं. सुहासराव चांगले झोपू लागले, चांगले जेवू लागले. कोर्टात वकील म्हणू लागले की साहेब आता काय झपाट्याने निकाल देतात. नेत्रा त्यांच्याकडे अधूनमधून असं बघायची, जसं माणूस घरातल्या बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतं, वेळ बघायला नव्हे, चालू झालं की काय ते बघायला.

एका रविवारी दोघं अक्काकडे जेवायला गेली. अक्काने नेहमीसारखी दोन भाकऱ्या झाल्यावर न विचारता तिसरी ताटात टाकायला हात पुढे केला. लहानपणापासून ही तिसरी भाकरी सुहासरावांनी खाल्ली होती. परीक्षेच्या दिवशी खाल्ली होती, ताप असताना खाल्ली होती, घरून जेवून आले असतानाही खाल्ली होती, आणि मग रात्रभर ओव्याचं पाणी प्यायले होते. आता त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"पुरे," ते म्हणाले.

अक्का हसली. "खा की."

"नको अक्का. पोट भरलंय."

त्यात राग नव्हता, तुटकपणा नव्हता. हॉटेलात वेटरला म्हणतात तसं सरळ वाक्य. अक्काचा हात भाकरीसकट हवेत राहिला. मग तिने ती भाकरी परत टोपलीत ठेवली आणि टोपलीवर फडकं झाकलं, कडा नीट दाबून दाबून. नेत्राने हातातला घास परत ताटात ठेवला. सुहासराव आमटीचं कौतुक करत होते.

निघताना ते गाडीकडे गेले तेव्हा अक्काने नेत्राला स्वयंपाकघरात धरलं. "नेत्रा, हे थांबव."

"वन्सं, आता?"

"माझं चुकलं म्हण. मला वाटलं कोर्टातलं काहीतरी काढतील. घरातलं काढतील असं कुणाला ठाव. तू सांग त्याला."

"मी सांगून बघितलं," नेत्रा म्हणाली. "माझा आकडा शून्य आहे, वन्सं. तुम्हाला माहितीय. तुमचा होता तोवर तुम्ही सांगायला हवं होतं."

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच वाईट वाटलं, पण शब्द बाहेर पडला होता.

अंतिम चाचणीला अक्का मिरजेला आली ती जुन्याच लुगड्यात. खोलीत आयोगाचे दोन सदस्य दिल्लीहून येऊन बसले होते, पुढ्यात काजू होते. नियम असा होता की ज्याची भीड काढली त्या माणसाने उमेदवाराकडे काहीतरी मागायचं, आणि जे मागायचं ते मनापासून हवं असलेलं पाहिजे. मागणं खरं आहे की नाही हे कळावं म्हणून मागणाऱ्याच्या गळ्यालाही पट्टा लावत. त्यामुळे पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची हिरवी सुहासरावांची, खालची तांबडी अक्काची. दोन्ही आडव्या झोपलेल्या. अक्काची रेघ झोपलेलीच असणार. तिला उभ्या जन्मात कुणाची भीड वाटल्याचं मंगळवार पेठेला माहीत नव्हतं.

"मागा," डॉक्टर वाळिंबे हळू म्हणाल्या. त्या पडद्याकडे नाही, अक्काकडे बघत होत्या.

अक्काने भावाकडे बघितलं. "सुहास, घरी चल. हे नको आपल्याला. ह्यांना सांग, मला न्हाई जमत, आणि चल. फलकाचं मी बघते."

सुहासरावांनी ते नीट ऐकून घेतलं. विसरले ते काहीच नव्हते. कांडपाच्या उंबऱ्यात उभं राहून आपण हेच ऐकायला आलो होतो, हे त्यांना लख्ख आठवत होतं. तेव्हा ती हे बोलली असती तर आनंदाने मिरच्या निवडायला बसलो असतो, हेही. ती आठवण त्यांच्यासमोर होती, जशी नस्तीतली साक्ष समोर असते. वाचता येत होती. साक्षीदार गावात नव्हता.

त्यांनी दुसरी बाजूही विचारात घेतली. अधिसूचना निघाली होती. शपथेचा दिवस ठरला होता. माघारीला आता सबळ कारण नव्हतं.

"नाही, अक्का," ते म्हणाले. "आता ते योग्य होणार नाही."

हिरवी रेघ हलली नाही. दिल्लीच्या सदस्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे बघून मान डोलावली. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मग थांबवली, कारण अक्का खुर्चीतून उठत होती.

तिने दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला. एवढ्या मोठ्या माणसांत उभं राहिल्यावर बायका घेतात तसा. आजवर भावासमोर तिने तो तसा घेतला नव्हता.

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा घोगरा आवाज केसाएवढा वर गेला. "तुमचं तुम्ही बघा."

खालची तांबडी रेघ उठली आणि हिरवीला ओलांडून पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन लागली.

तंत्रज्ञ बाई वायर दाबायला पुढे झाल्या. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "वायर ठीक आहे," त्या म्हणाल्या.

ती रेघ काय सांगते हे सुहासरावांना आता खोलीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं वाचता येत होतं. इतके दिवस ते तीच तर बघत बसले होते. त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे लक्ष लावलं. काहीतरी बोलून बघितलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. "अक्का," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "अक्का." हिरवी रेघ शांत होती. अक्का पट्टा सोडवायला मान वाकवून उभी होती आणि बक्कल तिला निघत नव्हतं. शेवटी ते डॉक्टरांनी काढून दिलं.

शपथविधी राजधानीत झाला. पहिल्या रांगेत नेत्रा होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, हंगाम चालू आहे असा निरोप आला होता. नव्या न्यायमूर्तींनी मराठीतून शपथ घेतली. कुणाहीविषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता, असं त्यात येतं. पूर्वीचे लोक हे म्हणायचे आणि मग निवृत्त होईपर्यंत ते पाळायची धडपड करायचे. न्यायमूर्ती हुपरीकरांना धडपड उरली नव्हती.

ते 'ममत्वभाव' या शब्दाशी आले आणि थांबले. कॅमेरे जवळ गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं की त्या क्षणी नव्या न्यायमूर्तींचा कंठ दाटून आला होता.

तो दाटतो का, याचीच ते वाट बघत होते. आणखी थोडा वेळ त्यांनी वाट बघितली. मग समोर माणसं खोळंबली होती म्हणून त्यांनी पुढचा शब्द स्पष्ट, स्वच्छ आवाजात म्हटला.